ज्या मामांनी काम शिकवलं त्यांनाच मेमो द्यायचा होता. 'ताई' राहून इनचार्ज होता येतं का?

पहिली_पाळी यांचा प्रश्न

लांबलचक लिहितेय, आधीच माफी मागते. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. नाव विचारू नका. डिप्लोमा करून 2016 मध्ये ट्रेनी म्हणून लागले, काही वर्षं क्वालिटीत काढली, मग प्रॉडक्शनला आले आणि या एप्रिलपासून मशीन शॉपची शिफ्ट इनचार्ज आहे. सीएनसी, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) मिळून चौदा मशीन आणि शिफ्टला बावीस माणसं. अकरा कायम, अकरा ठेकेदाराची. बाई मी एकटीच.

माझ्या आधी या जागेवर होते त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे. वयाने माझ्याहून एकच वर्ष मोठे, शॉपवर माझ्यानंतर आलेले, पण साहेब. मी पहिल्या दिवसापासून 'ताई'. ट्रेनी होते तेव्हा ताई आणि आता सहीचे अधिकार मिळाल्यावरही ताई. तसं ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांनी ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, सांगितली की ओटी व्हायची. मी सांगितली की, 'ताई, आज नको गं, पोराला क्लासला सोडायचंय, तुला माहितीये ना.' आणि मला माहिती असतं, तिथेच मी हरते.

ठेकेदाराच्या पोरांशी हिंदी बोलावं लागतं, तो वेगळाच गोंधळ. आपल्या माणसांना वाटतं 'तुम' म्हणजे तुम्ही. एका पन्नाशीच्या बिहारी वेल्डरला आमचा सेटर मान देऊन 'तुम बैठो' म्हणाला, तर तो दिवसभर घुश्शात.

आता खरं दुखणं सांगते. नऊ नंबर मशीनवर एक मामा आहेत, वय चोपन्न. मी ट्रेनी असताना बोअर गेज, म्हणजे भोकाचा (बोअरचा) व्यास मोजायचं साधन, धरायला त्यांनी शिकवलं. मी काटा बघून लगेच आकडा लिहायचे, तर म्हणाले, 'पोरी, गेज आधी बोअरमध्ये हळू झुलवायचं. काटा जिथून मागे फिरतो तो आपला आकडा. थांबलेल्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही.' ते मला तू म्हणतात, मी त्यांना तुम्ही. इनचार्ज झाल्यापासून त्यांना काम सांगताना माझी जीभ अडते. 'इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदला' तोंडातून निघत नाही, मग म्हणते, 'मामा, इन्सर्ट बदलायचा का?' कुणी बदलायचा, कुणी सांगितलं, काहीच त्यात येत नाही. तरी इन्सर्ट बदलला जातो.

गेल्या मंगळवारी मामांनी इन्सर्ट बदलला आणि आधीच्या झिजलेल्या इन्सर्टची झीज भरून काढायला मशीनला दिलेला आकडा, म्हणजे ऑफसेट, तसाच राहून गेला. बोअर तीस मायक्रॉन मोठा. बोअर मोठा झाला की रिवर्क नाही, पीस थेट भंगारात. पहिला पीस मोजला असता तर तिथेच कळलं असतं, पण नेमकी चहाची वेळ. अडतीस पीस गेले. एचआरने दुसऱ्या दिवशी एक पानी मेमो माझ्या हातात दिला, 'तुमच्या माणसाची सही घेऊन या' म्हणाले. सगळा इंग्रजीत. त्यात 'ग्रॉस नेग्लिजन्स' होतं, 'कंपनीचं मोठं नुकसान' होतं आणि शेवटी पुन्हा असं घडल्यास नोकरीवरून काढण्यापर्यंत कारवाई होऊ शकते असंही होतं. मामांनी कागद हातात धरला, चष्मा नव्हता, असता तरी इंग्रजी वाचता येत नाही. म्हणाले, 'काय लिहिलंय गं?' मी म्हटलं, 'मंगळवारचे पीस गेले ना, तेच. पुढच्या वेळी लक्ष ठेवा म्हणून.' ते म्हणाले, 'मग बरोबरच आहे त्यांचं,' आणि माझ्याच खिशातलं पेन मागून सही केली. मराठीत, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, पासबुकावर करतात तशी पूर्ण.

मुद्द्यावर येते. 'ताई'ची 'मॅडम' कशी करायची? तोंडाने सांगून होतं का, की सांगणं म्हणजेच गेलं? आणि मामांनी सगळ्यांदेखत मला तू म्हणणं थांबवावं असं वाटणं हे माझं डोक्यात हवा जाणं आहे का?

---

मोडका_भोंगा

ताई म्हणतात तर सोन्यासारखं आहे. आमच्या बाईंना समोर 'मॅडम' म्हणतात आणि त्या वळल्या की काय म्हणतात ते इथे लिहिलं तर पोस्ट उडेल.

---

वॉर्ड_सात

सरकारी दवाखान्यात एकवीस वर्षं झाली. कागदावर अधिपरिचारिका, तोंडात सिस्टर. आमच्याकडे या नात्यांचा बाजारच आहे, जरा बघा. डॉक्टर म्हणजे सर किंवा मॅडम, मग तो परवा इंटर्न म्हणून आलेला का असेना. आम्ही सिस्टर. सफाई करणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या सगळ्या मावशी आणि ट्रॉली ओढणारे मामा. माझ्या वॉर्डातली मावशी सव्वीस वर्षांची आहे. तिला चोवीस वर्षांचा डॉक्टरही मावशी म्हणतो आणि सत्तर वर्षांचा पेशंटही. काम खालचं झालं की बाईचं वय आपोआप वाढतं.

आणि मावशी म्हटल्यावर आईच्या बहिणीचा मान मिळत असेल तर तसंही नाही. 'मावशी, ट्रॉली आण गं.' आण. सख्ख्या मावशीला कोण असं म्हणेल? आमच्या एक मॅट्रन होत्या, त्या मावशींना नावाने हाक मारायच्या आणि 'आणता का' म्हणायच्या. नात्याचं नाव नाही, पण क्रियापद आदराचं. ते लक्षात राहिलं माझ्या. तुम्हाला काय म्हणतात ते सोडा, तुमच्याशी बोलताना क्रियापद कोणतं लावतात ते ऐका.

ओटीबद्दल सांगते. 'तुला माहितीये ना' म्हणाले की 'हो माहितीये, सहा वाजता सोडते' असं म्हणायचं. ताईपणा तसाच ठेवायचा आणि वेळ आपण ठरवायची. मी ड्युटी लावते तेव्हा असंच करते. दर वेळी जमत नाही.

---

गोथेनबर्गचा_बंड्या

मी सहा वर्षं स्वीडनमध्ये आहे, एका कारखान्याच्या डिझाइन खात्यात. इथे तू-तुम्हीचा प्रश्नच निकालात काढलाय. पूर्वी म्हणे इथे माणसाला तुम्ही म्हणणंसुद्धा उद्धटपणाचं वाटायचं. समोर बसलेल्यालाच 'डायरेक्टरसाहेब कॉफी घेतील का' असं त्याच्या हुद्द्याने, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं विचारायचे. मग 1967 मध्ये सरकारी आरोग्य मंडळाचा प्रमुख ब्रोर रेक्सेद याने जाहीर केलं की मी इथल्या सगळ्यांना 'दू' म्हणजे तू म्हणणार आणि तुम्हीही मला तू म्हणा. बदल आधीपासून सुरूच होता, पण नाव त्याचं झालं. आता शिपायापासून पंतप्रधानांपर्यंत सगळे तू.

तर सत्ता गेली का? माझा अनुभव सांगतो. लागल्यावर दुसऱ्या महिन्यात वरिष्ठ बाई चहाच्या वेळी म्हणाल्या, 'त्या ब्रॅकेटवर कधी नजर टाकता आली तर छान होईल.' मला वाटलं, गप्पा चालल्यात. दोन आठवड्यांनी कळलं की तो हुकूम होता आणि मी तो मोडला होता. आपल्याकडचा साहेब ओरडून सांगतो, ते निदान ऐकू तरी येतं.

पुण्याच्या टीमबरोबर आमची रोज मीटिंग असते. इंग्रजीत चालू आहे तोवर सगळे मला नावाने हाक मारतात. कुणीतरी मराठीत घसरलं की त्याच मिनिटाला 'सर, तुम्ही बघितलंत का'. माणसं तीच, मिनिटही तेच. आणि मीही काही साधा नाही. 'आपल्याला हे आज संध्याकाळपर्यंत पाठवायचंय' असं मी म्हणतो तेव्हा त्या 'आपल्याला'त मी नसतो. तुमच्या 'बदलायचा का'चा हा भाऊच समजा.

---

टर्नर_भोसरी

नमस्कार. मी चौतीस वर्षं लेथवर होतो, त्यातली एकोणीस युनियनच्या कमिटीत. आता घरी नातू सांभाळतो. तुम्हाला ताईच म्हणतो, राग नसावा.

तू-तुम्ही ही किरकोळ गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या आजोबांना साठीतही गावातली शेंबडी पोरं नावाला 'या' लावून हाक मारायची. धोंडिबाचा धोंड्या. आजोबा त्या पोरांना 'मालक, तुम्ही' म्हणायचे. वडील कारखान्यात लागले तेव्हा फोरमन नुसतं आडनाव घेऊन ओरडायचा आणि वडील घरी येऊन सांगायचे की तिथे आपल्याला आडनावाने बोलावतात. त्यांना तो मान वाटायचा! त्यामुळे मामांनी तुम्हाला तू म्हणणं आणि एखाद्या साहेबाने मामांना तू म्हणणं हे एकाच तराजूत घालू नका. मामांचं तू तुम्ही गेज झुलवायला शिकत होता तेव्हाचं आहे. ते काढून घ्यायचा अधिकार तुमच्या प्रमोशनच्या पत्रात नाही.

पण तुम्ही प्रश्न एक विचारलात आणि गोष्ट दुसरीच सांगितलीत. 'काय लिहिलंय गं' असं मामांनी विचारलं त्या क्षणी शॉपवर तुमच्याइतकी सत्ता प्लांट हेडकडेही नव्हती. कागद एक बोलत होता, तुम्ही दुसरं बोललात, आणि सही कागदावर झाली. तुम्ही मऊ मनाने केलंत हे कळतं मला. पण मऊपणाने केलेलं भाषांतर मामांच्या फाइलला लागलंय. पुढे कधी आरोपपत्र आलं तर शिक्षा ठरवताना मागचं रेकॉर्ड काढतात, आणि त्या रेकॉर्डात मामांची स्वतःची पूर्ण नावाची सही असेल.

माझ्यावर 1988 मध्ये हेच आलं होतं. इंग्रजी आरोपपत्र, दीड पान. मुलीच्या शाळेतल्या मास्तरांकडे घेऊन गेलो. 'इनसबॉर्डिनेशन' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच नावापुढे. मास्तरांनाही नीट येईना, त्यांनी शब्दकोश काढला आणि म्हणाले, 'आज्ञाभंग.' मी म्हटलं, एवढंच होय! कारण आज्ञाभंग मी केला होता. गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, नसलेल्या मशीनवर उभा राहिलो नव्हतो. शब्द कळल्यावर उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली.

कायद्याचं सांगतो. स्थायी आदेशांचा, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा, 1946 चा कायदा होता, त्याच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या गेटने आत येतात तिथे आणि प्रत्येक खात्यात बोर्डावर लावायचे. सोबतच्या नमुना आदेशांत होतं की चौकशीचं कामकाज हिंदी, इंग्रजी किंवा राज्याच्या भाषेत, यातलं कामगार पसंत करेल त्या भाषेत नोंदवायचं. कामगार पसंत करेल त्या. हे वाक्य मी चौकशी अधिकाऱ्यासमोर इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, जुना कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला आणि स्थायी आदेश लागू व्हायला कामगारांची संख्या तीनशे लागते. तुमच्याकडे किती आहेत ते बघा. पण मराठीत खुलासा द्यायला, मराठी प्रत मागायला कुठल्या संहितेची बंदी नाही.

म्हणून आधी मामांना बसवून तो कागद ओळीने वाचून दाखवा. मेमोच्या शेवटी खुलाशाची मुदत असते, ती संपायच्या आत मराठीत खुलासा द्या म्हणावं, आणि पोच घ्यायची. यापुढे न कळलेल्या कागदावर सही करताना वर लिहायचं, 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', खाली तारीख. आमच्या कमिटीत नव्या पोराला आधी हे पाच शब्द शिकवायचो, वर्गणीची पावती नंतर.

---

फाइल_नंबर_चार

मी एचआरमध्ये आहे, दुसरीकडे, शिव्या घालण्याआधी ऐका. मेमोचा फॉरमॅट आम्ही लिहीत नाही. वकिलाने एकदा दिलेला असतो, आम्ही नाव, तारीख आणि पीसचा आकडा बदलतो. ऑडिटला येणारी माणसं इंग्रजी कागद मागतात. डाव काही नसतो, आळस असतो.

मात्र एक कबूल करतो. एकदा असाच मेमो मी हौसेने मराठीत करायला बसलो. 'ग्रॉस नेग्लिजन्स'ला लिहिलं 'घोर निष्काळजीपणा'. आणि मग वाचून पाहिलं. समोरचा माणूस सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा, चूक एका पाळीची. 'घोर' लिहिलेला कागद त्याच्यापुढे सरकवायची माझीच हिंमत झाली नाही. खोडून 'दुर्लक्ष झाले' केलं. इंग्रजीत तोच शब्द मी शंभरदा छापलाय आणि जेवायला गेलोय.

---

पहिली_पाळी

टर्नरकाका, तुमचं उत्तर वाचून दोन दिवस इथे आलेच नाही. वॉर्ड सात, क्रियापदाचं लक्षात ठेवलंय.

मेमोची मुदत सात दिवसांची होती. तुमचं वाचलं तेव्हा पाचवा दिवस संपला होता. सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामांना कँटीनच्या मागे, भंगाराच्या पेट्यांपाशी बसवलं आणि प्रत काढून ओळीने मराठीत सांगितलं. आधी म्हटलं, 'त्या दिवशी मी पूर्ण सांगितलं नव्हतं.' ते काही बोलले नाहीत. 'ग्रॉस'पाशी आल्यावर म्हणाले, 'थांब. ग्रोस म्हणजे बारा डझन ना? माझे तर अडतीसच पीस होते.' मला हसू आलं आणि लगेच रडू. मग अर्थ सांगितला. नोकरीवरून काढण्याची ओळ दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचताना ते माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते.

खुलासा त्यांनीच लिहिला, दीड पान, मराठीत. त्यात एक गोष्ट अशी लिहिली जी मी इथे तुम्हालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस तपासून सही करायची ती इनचार्जने, आमच्या चेकशीटवर तसा रकाना आहे. मी चहाला गेले होते. रकाना रिकामा होता. त्यांनी 'इनचार्ज यांची सही राहून गेली' एवढंच लिहिलं, माझं नाव नाही. एचआर म्हणाले, इंग्रजीत करून आणा. मी म्हटलं, पोच द्या, भाषांतर तुम्ही करून घ्या. अर्धा तास झुलवलं, मग शिक्का दिला.

पोच देताना मी मामांना म्हटलं, ही जपून ठेवा. त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. पाळी सुटली होती. म्हणाले, 'येतो मॅडम.'

काल नऊ नंबरवर गेले होते. 'मॅडम, इन्सर्ट बदललाय, पहिला पीस बघून घ्या.' मी गेज झुलवून पाहिलं, सही केली. बाकी सगळे अजून ताईच म्हणतात.